बर्फातला दोर

मालवण, रविवार, फेब्रुवारी १९६१

तंबूतला सिनेमा बघून आलो आणि डोके फिरले आहे. दोन जोडीदार बर्फाच्या डोंगरावर चढतात, एकाचा पाय मोडतो, पण दुसरा काही केल्या दोर सोडत नाही. एवढीच गोष्ट. आणि माझ्या शेजारी बसून वासू रडत होता! वासू, आमच्या रापणीचा म्होरक्या; किनाऱ्यावरून दोराने जाळे ओढणाऱ्या आम्हा सगळ्यांचा पुढारी. "जोडीदार असो व्हयो रे," म्हणाला. मलाच!

गेल्या साली होडी ओढताना माझा पाय मोडला. रापणीत दुखणाईताचा मासळीचा वाटा घरी पोचवायचा, ही आजोबांपासूनची रीत. ती यानेच मोडली. बायको पाटी घेऊन किनाऱ्यावर गेली, तर चारचौघांत म्हणाला, "दोराक हात नाय, मगे वाटो खंयचो?" लग्नाआधीपासून जाळ्याचा तोच दोर मी त्याच्याबरोबर ओढत आलोय.

आज तंबूत तिथल्या तिथे का नाही सुनावले मी? पुन्हा त्याच्याच रापणीवर जायचे आहे, म्हणून?

सिनेमा सुटला. वाळूत माझी काठी रुतत होती. वासू डोळे पुसत पुढे निघून गेला. एकदाही मागे वळला नाही.