सेनापतीचं शिरस्त्राण

६ जानेवारी
कागद बनवणाऱ्यांच्या नीतिमत्तेचा ऱ्हास झाला आहे. याची नोंद कुठेतरी व्हायला हवी, म्हणून इथे करतो. नवा गठ्ठा आणला, तर प्रत्येक कागदाच्या बरोबर मधोमध एक फिकट डाग. दुकानदाराला दाखवला. मला काही दिसत नाही, म्हणाला. विकणाऱ्याला ते कधीच दिसत नाही.
संकल्प : दुकान बदलणे.

११ जानेवारी
दुसऱ्या दुकानातही तोच डाग. सगळे सामील आहेत.
मुखपृष्ठ उद्या द्यायचं आहे. आमच्या अद्भुतकथांच्या मासिकासाठी गेली अकरा वर्षं मी मुखपृष्ठावर आमची नायिका, सेनापती, उभी करतो आहे. पायाखाली बर्फ, मागे दोन चंद्र, पुढ्यात राक्षस आणि बाईंच्या अंगावर पत्र्याचे दोन तुकडे. संस्कृत घेऊन बी.ए. झालेल्या माणसाला नायिकेचं नखशिखान्त वर्णन पाठ असतं, कवचाचं नसतं. पहिलं चित्र छापून आलं तेव्हा लेक चौथीत होती. तिने विचारलं होतं, बाबा, हिला थंडी नाही का वाजत? वीरांना वाजत नाही, म्हटलं. मग शेजारच्या सैनिकाने कानटोपी का घातलीय, म्हणाली. उलट बोलणं आईकडून आलेलं.
या खेपेला डोळे काही जुळेनात. एक वर, एक खाली. शेवटी सेनापतीला शिरस्त्राण घातलं, पुढून बंद. गूढ दिसते.

९ फेब्रुवारी
सेनापतीची बोटंही जुळेनात. लोखंडी हातमोजे. वर पायघोळ झगा.

२१ फेब्रुवारी
संपादकबाईंचा फोन. सतरा पत्रं आली, त्यातली चौदा बायकांची. नायिका एकदाची लढाईला जायच्या कपड्यांत दिसली, असा सूर. बाई म्हणाल्या, तुमच्या वयाची माणसं बदलत नाहीत, तुम्ही बदललात. मी नाही म्हटलं नाही.
लेकीने अंक कॉलेजात नेला. माझ्या बाबांनी काढलंय, असं मैत्रिणींना सांगितलं म्हणे. अकरा वर्षांत प्रथमच. आता माघार नाही. तत्त्व ते तत्त्व.

१२ मार्च
सुताराला बोलावून झापलं. खिडकीची चौकट मधोमध वाकली आहे. त्याने ओळंबा लावून दाखवला. ओळंबाही वाकलेला. काका, डोळे दाखवून घ्या, म्हणाला. हल्ली सुतारही निदान करतात.
ही म्हणाली, तो बरोबर बोलतोय.
संकल्प : सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे.

१७ मार्च
सोमवार. ढगाळ. असल्या उजेडात डोळे तपासणं अशास्त्रीय. पुढच्या सोमवारी.

४ एप्रिल
या महिन्यात सेनापती धुक्यात. नुसता भाला आणि सावली. संपादकबाई म्हणाल्या, धाडसी.
जिन्यात एक बाई भेटल्या. त्यांना चेहरा नव्हता. बोलल्या तेव्हा कळलं, माझी सख्खी मेहुणी. जिन्यातला दिवा बदलायला सांगितला पाहिजे.

१९ एप्रिल
शोध : समोरच्याच्या कानाकडे पाहिलं की चेहरा कडेने थोडाफार सापडतो. दिवसभर वापरून पाहिला. हिने विचारलं, माझ्या कानात काय आहे? म्हटलं, डूल छान दिसतात. डूल घातलेच नाहीत, म्हणाली.
संकल्प : अक्षर मोठं काढणे. ही वही सुवाच्य राहिली पाहिजे.

१६ मे
मला न विचारता संपादकबाईंनी जाहीर केलं आहे : पुढच्या अंकात सेनापती शिरस्त्राण उतरवणार. पानभर चेहरा.
लेक म्हणाली, मी बसते समोर, माझाच घ्या. घाबरण्यासारखं काही नाही. घरचाच चेहरा.

२५ मे, दुपार
लेक खिडकीपाशी दोन तास बसली. मी तिच्या उजव्या कानाकडे बघत होतो. मग बघणं सोडून दिलं आणि हात चालू लागला. इतका सरळ कित्येक महिन्यांत चालला नव्हता. झालं, म्हटलं. ती उठून माझ्या मागे येऊन उभी राहिली.
"बाबा, ही मी चौथीतली आहे. आणि माझा चष्मा कुठाय?"
कसला चष्मा, विचारलं.
"महिना झाला. रोज तुमच्यासमोर जेवते."
मी म्हटलं, तो मुद्दाम वगळला, सेनापती चष्मा लावत नाही. तिने आत जाऊन डोळ्यांच्या दवाखान्यात फोन लावला.

२७ मे
डॉक्टरीणबाईंनी बारीक चौकटींचा कागद धरला. छपाई मधेच बिघडली आहे, असं मी निदर्शनास आणून दिलं. त्या हसल्या नाहीत. कधीपासून, विचारलं. पंधरवडा, म्हटलं. लेकीने पिशवीतून ही वही काढली आणि पहिलं पान त्यांच्यापुढे धरलं. वही माझ्याशिवाय कुणी वाचत नाही, अशी माझी समजूत होती.
त्यांनी वाचलं. तारीख दोनदा पाहिली. म्हणाल्या, तेव्हाच आला असतात तर. वाक्य पुरं केलं नाही. डाव्या डोळ्यातलं गेलं ते परत येणार नाही. उजव्यात इंजेक्शनं देऊन उरलंय तेवढं टिकतं का, बघायचं.

२८ मे
कागद चांगला होता. चौकट सरळ आहे.
संपादकबाईंना कळवलं. लेकीलाही सांगितलं की शिरस्त्राण तत्त्वासाठी नव्हतं, डोळे जमत नव्हते म्हणून होतं. माहितेय, म्हणाली. मग म्हणाली, असू दे, तिची थंडी तर गेली.
मुखपृष्ठाची काळजी नाही, दुसरा कुणी काढेल. सेनापती अकरा वर्षं माझ्यासमोर होती आणि मी तिच्याकडेच बघत होतो. लेकीचा चौथीतला चेहरा मला पाठ आहे. त्यानंतरचा मी नीट पाहिलेला नाही. आज सकाळी पाहायला गेलो, तर तिथे डाग आहे. उजवा डोळाही गेला तर तिचा आताचा चेहरा कधीच दिसणार नाही, याची भीती वाटते.