फ्लॉपीच्या फटीतल्या अक्षता

समर्थ,

ऑफिसची चार्टर्ड बस चुकेल, म्हणून तुला न उठवताच निघतेय. तुझ्या नव्या कॉम्प्युटरवर कॉलेजपुरतं सगळं टाकलंय. लिहायला वर्ड, प्रॅक्टिकलच्या आकड्यांना एक्सेल आणि एक अँटीव्हायरस. मित्रांच्या फ्लॉपी आधी त्याने तपासत जा. गेम्स मी टाकलेले नाहीत, ते तुझं तू बघ.

फ्लॉपी आत जात नव्हती, कारण आईने पूजा करताना अक्षता थेट त्या फटीतच वाहिल्या होत्या. चिमट्याने काढल्यात. तिला बोलू नकोस, हौसेने केलंय तिने. माझ्या कॉलेजच्या वेळी कॉम्प्युटर म्हणजे फालतू खर्च होता, म्हणून मला करोल बागेत टायपिंगला घातलं. तिथल्या मशीनला कुणी कुंकू लावायला आलं नव्हतं.

बाबांनी वरच्या मजल्यावरच्या शर्माजींना सांगितलंय की हे सगळं सॉफ्टवेअर तूच निवडलंस. असू दे. त्यांनी विचारलं तर हो म्हण.

आणि कॉम्प्युटरमध्ये माझ्या नावाचं एक फोल्डर दिसेल, ते पुसू नकोस. आत काहीच नाही. तरी राहू दे.

ताई