घंटेआधीचा हात

बाबा, तुमची नात शाळेत जायला लागली. तुम्ही गेल्यानंतर ती झाली, त्यामुळे तिच्याबद्दल तुम्हाला काहीच ठाऊक नाही. तिला ऑटिझम आहे. बोलते मोजकं, कुलरची पाती कितीही वेळ बघत बसते, आणि एकदम मोठा आवाज झाला की जमिनीवर आडवी होऊन किंचाळते. शाळेत तास संपला की विजेची घंटा वाजते. बाईंनी आम्हा दोघांना बोलावून सांगितलं, रोज असंच होणार असेल तर तुमच्यापैकी कोणीतरी दिवसभर इथे बसा, नाहीतर तिला घरी ठेवा.

घरी आल्यावर तुमचे जावई म्हणाले, “एकाले नोकरी सोडा लागन.”

“एक म्हणजे मीच ना?”

“मी कुठं तसं म्हणून राहिलो?”

“म्हणायला कशाला पाहिजे? तुमची बुटीबोरीच्या कारखान्यातली नोकरी, आणि माझी हौस!”

त्यानंतर आमचं बोलणं मुलीमार्फत. ‘बाबांना सांग, भाजी गॅसवर आहे.’ ती दोघांनाही उत्तर देत नव्हती.

तेव्हा तुमची उमरेडची शाळा आठवली. तुम्ही तिथे शिपाई, व्हरांड्यात टांगलेला रुळाचा तुकडा हीच घंटा. मी पहिलीत आहे, टोल पडताच दचकून वर्गाबाहेर पळते. तुम्ही दंड धरता, “काहून पळून राहिली वं? घंटा काय खाते तुले?” सगळा वर्ग हसतो. दुसऱ्या दिवसापासून तुम्ही हातोडी उचलून आमच्या दाराकडे बघता, जरा थांबता, मग टोल देता. तो वर गेलेला हात दिसला की मी कान झाकून घेते.

हे मी तुमच्या जावयांना सांगितलं. ते सकाळी शाळेत जाऊन घंटेचं बटण दाबणाऱ्या मावशींना भेटले. आता मावशी आधी वर्गाच्या दारात येऊन हात वर करतात. तुमची नात कान झाकते, डोळे मिटते आणि जागेवर राहते. प्रार्थनेला अजून उभी राहत नाही, म्हणून जावयांनी दुपारची पाळी घेतली आहे. गरज पडली तर म्हणून सकाळी ते फाटकाशी थांबतात. माझी नोकरी चालू आहे. भांडतो अजूनही, पण थेट.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून सांगून टाकते. तुम्ही माझ्यासाठी थांबायचात, असं मी जावयांना अगदी खात्रीने सांगितलं. खरं तर मला ठाऊक नाही. हातोडी उचलताना तुमचा उजवा खांदा तेव्हाही दुखायचा.