चूल किती घोड्यांची

आई, तुला जाऊन पुष्कळ वर्षं झाली, आणि तुझ्या एका प्रश्नाचं उत्तर मला परवा सापडलं. निदान तसं वाटलं.

खोपोलीच्या वीजघरात मी नवा लागलो होतो तेव्हाची गोष्ट. तू चुलीपुढे फुंकणी घेऊन बसली आहेस, धुरानं डोळ्यांतून पाणी वाहतंय, आणि मी मोठ्या तोंडानं सांगतोय की आमचं एकेक यंत्र हजारो घोड्यांच्या ताकदीचं आहे. तू मान वर न करता विचारलंस, "एवढी घोडी, नि लीद कुटं पडते रं?" मी हसलो. मग तू तापत्या हंड्याकडे बोट केलंस. "मंग माजी चूल किती घोड्यांची हाय, त्ये सांग."

"चुलीला घोडे नसतात, आई. उष्णतेचं माप वेगळं."

"पाणी काय फुकट तापतं व्हय? इचार तुज्या सायबाला."

साहेबाला असलं काही विचारायचा धीर झाला नाही, आणि पुढच्या थंडीत तू गेलीस.

परवा नव्या माणसांना शिकवताना साहेबानं फळ्यावर मांडलं. एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइट तापवायला लागते ती उष्णतेची एक मात्रा. तासाला अशा अडीच हजारांहून थोड्या जास्त मात्रा म्हणजे एक घोडा, आणि साडेतीन हजारांहून थोड्या कमी म्हणजे विजेचा एक किलोवॅट. म्हणजे तुझंच खरं होतं. चूल आणि यंत्र एकाच मापात बसतात. घरी येऊन तुझा हंडा भरून तोलला आणि कोळशानं जमिनीवर हिशेब मांडला. वजन मिळालं. वेळ ठाऊक होता, तुझं दळण संपेपर्यंत, अर्धा तास. राहिलं एवढंच की पाणी किती तापायचं. कोमट धरलं तर एक घोडा येतो, कढत धरलं तर दोन. धुरात आणि तुझ्या डोळ्यांत गेला तो जाळ यात धरलेलाच नाही.

मला तर गार पाण्याचं विसण घातलेली बादलीच ठाऊक. "द्येवाला गार चालतं, तुला नाय चालायचं," म्हणत तू ती पुढे सरकवायचीस, आणि अंघोळ करून मी पूजेला बसायचो. आजही बसतो. विजेच्या तारा घरावरून मुंबईला जातात, खाली अजून तीच चूल आहे.

हा कागद देव्हाऱ्याखाली ठेवतो, दुसरीकडे कुठे पाठवणार? उत्तर अर्धंच राहिलं, आई. तू होतीस तोवर त्या हंड्यात मी एकदाही हात घालून पाहिला नाही.