मोगऱ्यातल्या मुंग्या

७ फेब्रुवारी २००१
मुंग्या! सासूबाईंच्या मोगऱ्याच्या कुंडीतून निघतात त्या भिंतीवरून थेट भूमिकाच्या गोधडीत. पोरीची मांडी चावून लाल केली. हे कामावरून आले ते तडकलेच — "फेकून दे ती कुंडी!" सासूबाई उठून कुंडीपाशी जाऊन बसल्या. जेवल्याही नाहीत.
दिवाळीत यांनी त्यांना वैशाखऱ्याच्या घरून इथे आसनगावला आणलं. गुडघे दुखतात, एकटी कशी राहणार म्हणून. येताना त्यांनी स्वतःहून उचललं ते एवढं एकच रोप.

८ फेब्रुवारी
हळद टाकली. उपयोग नाही. शेजारची ठमी म्हणते, पावडर मार. रांगतं पोर घरात — कशी मारू?

९ फेब्रुवारी
राख. राखेला वळसा घालून गेल्या!

११ फेब्रुवारी
आज नीट बसून बघितलं. पानांमागे, फांद्यांच्या बेचक्यात कापसासारखी पांढरी कीड. तिचा चिकट गोड रस चाटायला मुंग्या वर चढतात. घर मात्र खाली, मातीत. माती आतून कोरडी ठणठणीत — आम्ही वरवरच पाणी घालत होतो.
साबणाच्या पाण्यात फडकं बुडवून एकेक पान पुसलं. सासूबाई न बोलवता शेजारी येऊन बसल्या. फांद्या धरून.

१२ फेब्रुवारी
ओट्यावर टबात कुंडी बुडवली. आधी काहीच नाही. मग अख्खी माती काळी झाली! मुंग्याच मुंग्या, तोंडात पांढरी अंडी. कुंडीला काठी टेकवून ठेवली होती, तिच्यावरून ओळीने खाली गवतात उतरल्या.
सासूबाई बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "धरणाचा पाणी चढला तवा आमी मायेरचा घर असाच सोडला गो. तुझा नवरा कडेवर होता माझ्या."
इतकी वर्षं झाली लग्नाला. हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.
भूमिकाला त्यांच्या मांडीवर दिलं. तिला थोपटत म्हणाल्या — "तवा इलाज नव्हता. आता माझा घर उभा हाय. मना जायचाय."

१३ फेब्रुवारी
यांना सांगितलं. भडकले! "लोक काय म्हणतील? आईला हाकलली?"
मी म्हटलं, "गुडघ्याच्या गोळ्या तिथेही घेतील. चुलत सासूबाई तिथे शेजारच्याच दारात राहतात. आणि त्यांना विचारलंत का एकदा तरी?"
न जेवता झोपले.

२० फेब्रुवारी
एकही मुंगी नाही. माती बदलली, कुंडी पाण्याच्या परातीत ठेवली.
हे आज चहा पिताना, माझ्याकडे न बघता — "विचारलं मी आईला. शनिवारी तूच सोडून ये. मला नाय बघवणार."

२४ फेब्रुवारी
वैशाखरे. मोगऱ्याची कुंडी दारात टेकवून कुलूप सासूबाईंनीच काढलं. खिडक्या उघडल्या, खाली बसायला पटकुर अंथरलं, माझ्या हातात पाण्याचा तांब्या दिला.
"बस गो, दमली असशील. काय जेवशील?" — केवढा मोठा आवाज त्यांचा! आसनगावात कधी ऐकलाच नव्हता.
आज पाहुणी मी होते.