झोंबणाऱ्या गोळ्या

प्रिय आक्का,

तुम्ही गेल्यापासून मनातल्या मनात तुमच्याशी बोलतेच. पण आज कागद घेऊन बसले, कारण जे झालंय ते घरात सांगायची छाती होत नाही. काल फाट्यावरच्या तात्यांच्या दुकानात उभी राहून मी म्हणाले, "तात्या, ह्या गोळ्या लय झोंबत्यात. दुसऱ्या द्या." बोलले आणि मग ध्यानात आलं. हे तर तुमचं वाक्य! शब्दाला शब्द तुमचं.

भीती वाटते हो. फार भीती वाटते.

नवी सून म्हणून मी या घरात आले, तेव्हा पहिली जवळीक थोरली जाऊ म्हणून तुमच्याशीच झाली. सासूबाई मळ्यात गेल्या की तुम्ही तव्यावर तंबाखू भाजायचात, ठसका दाबत मशेरी कुटायचात. माझी दाढ ठणकत होती, तर चिमूटभर माझ्या बोटावर ठेवलीत आणि लाव म्हणालात. दाढ थांबली, पण मशेरी जी लागली ती लागलीच.

मग वासाचं काय करायचं? थोरले भाऊजी फौजेतून सुट्टीवर आले की त्यांना तो वास अजिबात खपायचा नाही. ते स्वतः सिगारेटचा वास मारायला एसटीतून उतरतानाच च्युइंगम चघळत यायचे, त्याबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढायचा नाही!

तुमची युक्ती आठवली की अजून हसू येतं. बाईनं पुदिन्याची गोळी मागून घेतली तर चारचौघांत चर्चा होणार, हिला तोंडाचा वास कशाला लपवायचाय म्हणून. म्हणून पदराला सुट्टे बांधलेले असूनही तुम्ही काडेपेटीसाठी नोट पुढे करायचात. सुट्टे नाहीत म्हणून तात्या उरलेल्या पैशांच्या गोळ्या हातावर ठेवायचे. विकत कुठं घेतल्या, तात्यांनीच गळ्यात मारल्या, असं तुमचं उत्तर तयार. निम्म्या गावातल्या बायकांचं हेच चालायचं. आता सगळे मोबाइलवरून पैसे देतात, सुट्ट्यांचा प्रश्नच उरला नाही. गोळी नाव घेऊन मागावी लागते. मग बायका पोरांसाठी म्हणून मागतात. मी नातवासाठी म्हणून मागते, आणि नातू तर पुण्यात असतो.

मग एके दिवशी तुम्ही तात्यांशी भांडलात. नकली माल ठेवता म्हणून बोललात त्यांना. त्यांनी बिचाऱ्यांनी दुसऱ्या कंपनीच्या गोळ्या दिल्या, त्याही झोंबल्या. च्युइंगम घेऊन बघितलं, तर जबडा भरून येतो म्हणालात. मग संत्र्याची गोळी आली, मग बडीशेप, शेवटी नुसती खडीसाखर. प्रत्येक वेळी आम्ही सगळे मालालाच नावं ठेवत होतो. मीही इस्लामपूरच्या बाजारातून भारीतल्या गोळ्या आणून दिल्या होत्या, आठवतं? तुम्ही एक तोंडात टाकलीत, डोळ्यांत पाणी आलं, आणि म्हणालात की चांगली आहे.

का म्हणालात तसं? तुमचं तिखट सुटलं होतं, भाकरी दुधात कुस्करून खायला लागला होतात. मी विचारलं तर वय झालं म्हणालात. घरातलं सगळं मला सांगायचात, अगदी भाऊजींशी झालेलं भांडणसुद्धा. मग हेच तेवढं एकटीनं का सोसलंत? मिरजेच्या डॉक्टरांनी तोंड उघडा म्हटलं, तेव्हा ते उघडेना. तिथं आम्हाला कळलं.

त्या दवाखान्यातलं सगळं माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही, आक्का. नाकातली नळी, आणि बोलता येत नाही म्हणून माझ्या तळहातावर बोटानं अक्षरं काढणारा तुमचा हात.

तुम्ही गेल्यावर मी माझी मशेरीची डबी उकिरड्यावर फेकली. काही महिने बरे गेले. मग पुन्हा दाढ ठणकली आणि शेजारणीकडून चिमूटभर मागून आणली. तुम्ही असता तर रागावला असता का? की तुम्हीच दिली असती?

आता डाव्या गालाच्या आत पांढरा चट्टा आहे. आरशात बघते, मग वाटतं उजेड कमी आहे, पुन्हा दारात जाऊन बघते. आमटीचा घोट झोंबतो. जेवण का जात नाही म्हणून यांनी विचारलं, तर दाढेचं नाव सांगितलं. काल तात्यांनी लगेच दुसरी बरणी पुढे केली. आता मीही एकेक बरणी बदलत जाणार का? खडीसाखरेपर्यंत?

शेवटी आज सकाळी राणीला फोन लावला. तुमची लेक आता सांगलीत एका ऑफिसात कामाला आहे. दिवसभर लोकांशी बोलायचं काम, म्हणून पर्समध्ये च्युइंगमचं पाकीट कायम. मोठ्या दुकानात बिल करताना समोरच मांडलेलं असतं, हात आपोआप जातो म्हणते. मला ती शहरातली तऱ्हा वाटायची. तिला सगळं सांगितलं. चट्टा, तात्या, मिरजेला एकटी जायला वाटणारी भीती. मला वाटलं रडेल.

पण ती म्हणाली, "काकी, आपण दोघी जाऊ. मला बी झोंबतंय."

मी विचारलं, "तुला काय झोंबतंय गं?"

"आईची डबी मी नेली होती. पहिल्यांदा नुसता वास घ्यायला. आई जवळ असल्यासारखं वाटायचं."

आक्का, स्वतःसाठी एवढी घाबरले नव्हते हो! तिचं अजून लग्न व्हायचंय. तुमच्यासारखंच हसते ती, तोंड भरून.

उद्या सकाळच्या एसटीनं मी निघतेय. ती सांगलीच्या स्टँडवर थांबेल, तिथून दोघी मिरजेला जाऊ. काय निघेल माहीत नाही. पण तुम्हाला वचन देते, घाबरून अर्ध्या वाटेतून परत फिरणार नाही. डॉक्टरांच्या खुर्चीत आधी तिला बसवीन, मग मी बसेन. आणि ही तुमची कोण म्हणून कुणी विचारलं, तर माझी मुलगी म्हणून सांगीन.

तुमची धाकटी जाऊ,
सुमन