खाडीला न दिलेला नारळ

बाबा, तुमची ती बोट भंगारात गेली. धक्क्यावरच्या वॉचमनने सांगितलं आणि मी गाडीत एसी लावून नुसती बसून राहिले. नदीसाठी बांधलेली, उथळ तळाची बोट. कोस्ट गार्डमध्ये येऊन अबू धाबीच्या खाडीत, कांदळवनात गस्त घालायची. तिची इंजिनं तुमच्या हाताखाली. हीपण माझ्यासारखीच गोड्या पाण्यातली, असं म्हणायचात, कारण तुम्ही चिपळूणचे, वाशिष्ठीकाठचे.

ज्याने इंजिन खोललं त्यानेच ट्रायलला बोटीवर जायचं, हा तुमच्याकडचा नियम. ट्रायलच्या सकाळी आई डब्याच्या पिशवीत नारळ ठेवायची. सरकारी बोटीवर फोडणार कुठे, म्हणून तुम्ही तो अख्खाच हळूच पाण्यात सोडायचात. म्हातारा अरबी कॅप्टन आधी हसायचा, मग स्वतःच विचारायला लागला, "नारियल आया? यल्ला, चलो." तो रिटायर झाला. नवीन कॅप्टनने सांगितलं, पाण्यात काही टाकायचं नाही, आणि तुम्ही नारळ परत घेऊन आलात. आईचा चेहरा उतरला. पुढच्या खेपेला दोन सोडू, असं म्हणून तुम्ही जेवायला बसलात. त्याच आठवड्यात, भर ऑगस्टमध्ये, त्या बोटीच्या इंजिनापाशीच तुमचं हृदय बंद पडलं.

आमचा व्हिसा तुमच्या नोकरीवर, तोही खलास. आम्ही चिपळूणला आलो. आईने नारळ देवघरात ठेवला आणि त्याच्याकडे बघत कुढत राहिली. "दर्याचं दर्याला दिलं नाही, म्हणून त्याने तुझ्या बाबांना ठेवून घेतलं." मी ऊन, ब्लडप्रेशर, सगळं समजावून थकले. नुसती डोकेफोड. डोळे मिटण्याआधी तिने एकच मागितलं, नारळ त्याच खाडीत सोड.

नोकरी धरून मी इथे अबू धाबीला परत आले, खलिफा सिटीत एका खोलीत राहते. आता ना तुम्ही, ना आई, ना बोट. दर शुक्रवारी नारळ घेऊन खाडीवर जाते आणि तसाच परत आणते. सोडला तर आईचं खरं ठरतं, की तुम्ही एका नारळापायी गेलात. नाही सोडला तर तिचा जीव अडकलेलाच. माझा कशावरच विश्वास नाही, तरी हात उघडत नाही. यातून सुटका नाही, बाबा.

हे पत्रही त्याच पिशवीत, नारळाशेजारी राहील. तो आता पार सुकलाय. पूर्वी हलवला की पाणी वाजायचं, आता आतला गोटा खडखडतो. ऑफिसमधून आले की मी तो कानाशी धरून हलवते. घरात दुसरा कुणाचा आवाज नसतो.